विचारपूस : वैद्यकीय शिक्षणातील एक राहून गेलेला धडा



आजारी माणसाला भेटावयास आपण जातो, तेव्हा 'विचारपूस करून येतो' असे म्हणतो. शब्द घरगुती आहे, पण मोठा अर्थवाही आहे. 'पुसणे' म्हणजे जुन्या मराठीत विचारणेच. परंतु डोळे पुसण्याचा अर्थही त्याला आपोआप येऊन चिकटला आहे. शेजारीपाजारी आणि आप्तेष्ट ही विचारपूस सहज करतात. ज्यांनी ती व्यवसाय म्हणून करावयाची त्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना ती कोण शिकवितो? आजच्या भाषणाचा विषय तेवढाच आहे. 'लिंगभाव-संवेदनशील आरोग्यसेवेचे प्रशिक्षण' असे भारदस्त नाव त्याला अलीकडे मिळाले आहे. नावाला बिचकण्याचे कारण नाही.

निसर्गाने स्त्रीला गर्भाशय दिले आणि पुरुषाला दिले नाही, हा झाला शरीराचा भेद. परंतु सर्वांची पाने उठल्यावर उरलेसुरले स्त्रीने खावे, दुखणे अंगावर काढावे, दवाखान्यात जावयाचे तर कोणाला तरी विचारून आणि कोणाला तरी बरोबर घेऊन जावे. पुरुषाने मात्र रडू नये, 'मला झेपत नाही' असे म्हणू नये, ही वाटणी निसर्गाची नव्हे. ती आपण केलेली आहे. तिलाच लिंगभाव म्हणतात. रोग शरीरात होतो हे खरे. पण तो केव्हा उघडकीस येतो, कोणत्या शब्दांत सांगितला जातो आणि त्याचा उपचार पुरा होतो की अर्ध्यावर राहतो, हे पुष्कळदा या वाटणीवर ठरते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात लोहितकणांची उणीव आढळली. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, त्या दिल्याच पाहिजेत. पण 'घरात शेवटी कोण जेवते?' आणि 'पाळीत किती जाते?' हे दोन प्रश्न विचारल्यावाचून दिलेली गोळी ही गळक्या घागरीत ओतलेल्या पाण्यासारखी आहे.

या प्रश्नांचे महत्त्व कळण्यासाठी दोन अभ्यास शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. एक गडचिरोलीचा, दुसरा गोव्याचा.

१९८९ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची त्यांनी तपासणी केली होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक ना एक विकार होता. बहुतेकींना एकाहून अधिक. आणि पूर्वी कधी काळी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. तोपर्यंत खेड्यातील स्त्रीचे आरोग्य म्हणजे गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, अशीच सरकारदरबारची आणि आम्हा वैद्यकव्यवसायींचीही समजूत होती. ती आई होण्याच्या वेळी आमच्या दृष्टीस पडे. मधल्या वर्षांत ती दिसेनाशी होई. तिने सांगितले नाही म्हणून रोग नव्हता असे नाही. कोणी विचारले नव्हते.

आता गोवा. तेथे 'संगाथ' या संस्थेतील डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी उत्तर गोव्यातील सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. अंगावरून पांढरे जाते अशी तक्रार स्त्रिया का करतात, हा त्यांचा प्रश्न होता. वैद्यकाच्या पुस्तकाचे उत्तर ठरलेले आहे : जंतुसंसर्ग. परंतु या पाहणीत तक्रारीचा सर्वांत बळकट संबंध आढळला तो मनावरच्या ताणाशी, खिन्नतेशी आणि शरीरातील इतर दुखण्यांशी. जंतुसंसर्गाशी असलेला संबंध त्या मानाने फिका होता.

वरवर पाहता हे दोन अभ्यास परस्परांच्या विरुद्ध जातात. एका ठिकाणी तक्रार नव्हती तेथे रोग निघाला. दुसऱ्या ठिकाणी तक्रार शरीराची होती आणि दुखणे निराळ्याच जागी होते. मला तर ती एकाच नाण्याची छाप वाटते. 'काही होत नाही ना?' असे विचारून पुढच्या रोग्याला हाक मारणारा डॉक्टर गडचिरोलीत चुकला असता, आणि तक्रार ऐकताच लेखणी उचलून गोळ्या लिहिणारा डॉक्टर गोव्यात. दोघांनीही बाईला बोलू दिलेले नाही.

न बोलू देण्याची किंमत कोण मोजतो, तेही पाहण्यासारखे आहे. प्रयोगशाळा हाताशी नसली की तक्रारीवरून औषध देण्याची रीत आहे, आणि ती एरवी गैर नाही. परंतु पांढरे जाण्याच्या तक्रारीवर लैंगिक संबंधातून आलेल्या संसर्गाचा शिक्का बसला, म्हणजे नवऱ्यानेही औषध घ्यावे असे सांगावे लागते. आणि ते त्याला सांगण्याची कामगिरी सहसा तिच्यावरच सोपविली जाते. ज्या घरात आधीच धुसफूस आहे, त्या घरात ही चिठ्ठी घेऊन जाणाऱ्या बाईचे काय होत असेल याची कल्पना श्रोत्यांनी करावी. डॉक्टराने औषध दिले. संशय मात्र तिने घरी नेला.

गोव्याचाच आणखी एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झालेला आहे. जिल्हा रुग्णालयात आलेल्या २७० गर्भवतींचा त्यात मागोवा घेतला होता. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतील २३ टक्के माता खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेल्या होत्या. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही त्यामागची ठळक कारणे. शिवाय बाळ मुलगा आहे की मुलगी, यावर या इतर कारणांचा भार कमीजास्त होत होता. हे वाचल्यावर आपल्याकडील प्रसूतिगृहांतील एक जुना रिवाज मनात येतो. मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी किंवा जिलबी. खुशालीची बातमी घेऊन बाहेर येणाऱ्या बाईच्या हातावर पडणारी रक्कमही त्याप्रमाणे भारी वा हलकी. 'पुन्हा मुलगीच का!' हे उद्गार बाळंतिणीच्या कानावर पहिल्यांदा पडतात ते कित्येकदा सासूकडून नव्हे, खाटेशेजारी उभ्या असलेल्या कर्मचारी स्त्रीकडून. तिला त्यात वाईट काही बोललो असे वाटत नाही. ती सहानुभूतीच दाखवीत असते. म्हणून प्रशिक्षण हवे ते केवळ पदवीधरांना नव्हे. वॉर्डातील मावशी, रुग्णवाहिकेचा चालक, केसपेपर काढून देणारा कारकून, ही सारी मंडळी आरोग्यसेवा देतच असतात.

आता कोणी म्हणेल, स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर नेमल्या की प्रश्न सुटला. एकोणिसाव्या शतकाने नेमके हेच उत्तर शोधले होते, आणि त्या काळी ते धाडसाचे उत्तर होते. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली वैद्यकाची पदवी मिळवून परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभाग त्यांची वाट पाहत होता. परंतु १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्या निवर्तल्या. १८८५ साली डफरिन निधी उभा राहिला, पुढच्याच वर्षी मुंबईस कामा रुग्णालय सुरू झाले. लहानपणी झालेल्या विवाहाचे बंधन न्यायालयात नाकारणाऱ्या रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि त्यांनी सुरतेत दीर्घकाळ रुग्णसेवा केली. पुरुषासमोर स्त्री आपले दुखणे सांगत नाही, म्हणून सांगता येईल अशी स्त्री समोर असावी, हा त्या सगळ्या खटाटोपामागचा विचार.

तो विचार खोटा ठरला असे कोणी म्हणणार नाही. तो अपुरा मात्र ठरला. आज वैद्यकीय महाविद्यालयांत मुलींची संख्या भरपूर आहे; परिचारिकेचा व्यवसाय तर प्रायः स्त्रियांचाच. तरीसुद्धा प्रसूतिकक्षात वेणा देणाऱ्या बाईवर खेकसणे, तिला चापटी मारणे, तिच्या वैवाहिक जीवनावरून टोमणे देणे हे प्रकार घडतात, आणि ते बहुधा स्त्रियांकडूनच घडतात. ते टोमणे येथे उच्चारण्याजोगे नाहीत. ज्या श्रोत्यांना ठाऊक आहेत त्यांना ते न सांगता समजतील. हा प्रकार काही आपल्याच देशातला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली खास निवेदन काढून रुग्णालयांतील बाळंतपणाच्या वेळी होणारी अवहेलना थांबविण्याचे आवाहन केले. आपल्या केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी प्रसूतिकक्षात सोबतीला घरची एक स्त्री असू द्यावी असे ठरविले, आणि २०१७ पासून 'लक्ष्य' या नावाने प्रसूतिकक्ष सुधारण्याची मोहीम हाती घेतली. सोबतीण आत उभी असली की आवाज आपोआप खाली येतो, हा साधा अनुभव आहे. खेकसणारी परिचारिका जात्या दुष्ट असते असे मी मानीत नाही. तिच्या हाताखाली एका वेळी चार बायका अडलेल्या असतात, आणि तिच्या शिक्षकांनी तिला हेच दाखविलेले असते. वाईट वागणूकही शिकविली जाते. फक्त तिचा तास वेळापत्रकात नसतो.

मग चांगल्या वागणुकीचा तास कसा असावा? येथे बहुतेकांची कल्पना अशी की, कोणी व्याख्याता येऊन 'रुग्णाशी गोड बोला' असे सांगून जाईल. तसल्या व्याख्यानांचा उपयोग मला फारसा दिसलेला नाही. चहा होतो, प्रमाणपत्रे वाटली जातात, आणि दुसऱ्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात कालचाच कारभार सुरू होतो. नाडी पाहणे जसे हात धरूनच शिकावे लागते, तसे विचारणेही करूनच शिकावे लागते. म्हणून बऱ्या प्रशिक्षणात नाट्यप्रवेश असतात : एकाने रोगी व्हावयाचे, एकाने डॉक्टर, एकाने रोग्याला उत्तर देऊ न देणारी सासू. सासूची भूमिका करणारा प्रौढ डॉक्टर पाच मिनिटांत जे शिकतो, ते त्याला पुस्तकाने वीस वर्षांत शिकविलेले नसते!

समजा, हाताला मार लागलेली बाई आली आहे. 'न्हाणीघरात पाय घसरला' असे बरोबरचा माणूस सांगतो. तिला एकटीला बोलू दिले पाहिजे. पण 'तुम्ही बाहेर जा' असे म्हटले की संशय उत्पन्न होतो आणि त्याचे पर्यवसान घरी गेल्यावर तिलाच भोगावे लागते. याला उपाय असा की, तपासणीच्या वेळी प्रत्येक रोग्याबरोबरच्या माणसाने बाहेर बसावे हा नियमच करावा, आणि तशी पाटी लावावी. नियमाचा राग कोणी मानीत नाही. मग प्रश्न. 'नवरा मारतो का?' हा प्रश्न वीस माणसांच्या देखत, मोठ्याने, लिहिता लिहिता विचारला तर 'नाही' याखेरीज दुसरे उत्तर मिळणार नाही. तोच असा विचारावा : 'अशा जखमा पुष्कळदा घरातल्या कोणी मारल्यामुळे होतात, असे आम्ही पाहतो. तुमच्या बाबतीत तसे काही झाले आहे का?' या वाक्यात आरोप नाही, लाज वाटावी असे काही नाही, आणि 'तुम्ही एकट्याच नाही' असे न सांगता सांगितलेले आहे.

तिने 'हो' म्हटले, तर खरी परीक्षा पुढेच आहे. 'तुम्ही काय केले होते?' हा प्रश्न पुष्कळांच्या जिभेवर तयार असतो. 'संसारात थोडे सोसावे लागते' हा उपदेशही. आणि उत्साही तरुण डॉक्टर असेल तर तो 'आजच घर सोडा' म्हणून सांगतो. जाणार कोठे, हे मात्र सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शनात यासाठी पाच गोष्टी सांगितल्या आहेत. तिचे म्हणणे ऐकावे, तिची गरज काय ते विचारावे, तिच्यावर आपला विश्वास आहे हे तिला जाणवू द्यावे, तिच्या सुरक्षिततेचा विचार तिच्यासह करावा, आणि पुढच्या मदतीशी तिची गाठ घालून द्यावी. त्यांपैकी ऐकणे सर्वांत कठीण. आणि सर्वांत उपयोगाचा प्रश्न कोणता, असे मला विचाराल तर तो हा : 'आज घरी जाणे तुम्हांला सुरक्षित वाटते का?'

हा प्रश्न क्वचित कोणाला विचारावा लागतो असे कोणी समजू नये. मघाशी उल्लेखिलेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे विवाहित स्त्रियांपैकी दहांतील तिघींनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा सोसलेली आहे. म्हणजे ज्या डॉक्टराकडे दिवसाकाठी चाळीस विवाहित स्त्रिया येतात, त्याच्या खुर्चीसमोरून दररोज अशा बारा जणी उठून जात असाव्यात. 'माझ्याकडे असली प्रकरणे येत नाहीत' असे तो मनापासून सांगतो.

या कामाचा आपल्या भागातील वस्तुपाठ मुंबईचा आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' नावाचा विभाग २००० च्या सुमारास सुरू झाला. मुंबई महानगरपालिका आणि 'सेहत' ही संशोधन संस्था यांनी मिळून तो उभा केला. हिंसेने पीडित स्त्रियांना सल्ला आणि आधार देणारी जागा रुग्णालयाच्या भिंतींच्या आतच असावी, ही त्यातील पहिली दूरदृष्टी. कारण पोलीस चौकीत किंवा वकिलाकडे जाण्यास घरून परवानगी मिळत नाही, दवाखान्यात जाण्यास मिळते. दुसरी दूरदृष्टी प्रशिक्षणाची. बाहेरचे पाहुणे आणून भाषणे करविण्याऐवजी पालिकेच्या रुग्णालयांतील डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवक यांच्यातूनच शिकविणारे तयार करण्यात आले. आपल्याच वॉर्डातील सिस्टर शिकवू लागली की 'तुम्हांला आमच्या अडचणी काय ठाऊक!' हे पालुपद बंद पडते. पुढे कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात आणि पालिकेच्या इतर रुग्णालयांतही असे विभाग निघाले. केरळातील जिल्हा रुग्णालयांनी 'भूमिका' या नावाने त्याच धर्तीवर काम सुरू केले.

'दिलासा'च्या धर्तीवर शिकलेल्या परिचारिका एका गोष्टीकडे विशेष लक्ष देतात. विष पोटात गेलेली तरुण स्त्री रात्री आणली जाते, आणि कागदावर 'चुकून प्यायली' असे लिहिले जाते. ढेकणाचे औषध चुकून किती जणी पितात? त्या रात्री जीव वाचविणे हेच काम. विचारावयाचे ते दुसऱ्या दिवशी, खाटेजवळ पडदा ओढून. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा म्हणून सारेच गप्प बसत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होते असे गृहीत धरावे आणि त्याची काळजी घ्यावी, असे सांगितले आहे. कायदा बदलला, कागदावरचे 'चुकून' अद्याप सर्वत्र गेलेले नाही.

अपुऱ्या शिक्षणाने अपाय होतो, आणि चुकीच्या शिक्षणाने त्याहून मोठा. बलात्काराच्या तक्रारीत वैद्यकीय तपासणीच्या नावाखाली स्त्रीच्या अंगात दोन बोटे घालून 'ती संबंधांना सरावलेली आहे काय' हे ठरविण्याची रीत पिढ्यान् पिढ्या न्यायवैद्यकात शिकविली गेली. १९७२ साली देसाईगंज येथील पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात असल्याच अहवालाचा आधार तिच्या विरुद्ध घेण्यात आला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरविले. देशभर त्यावर संताप उसळला, कायदा बदलला. तपासणीची रीत मात्र चालूच राहिली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती स्त्रीच्या खाजगी जीवनाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरविली. २०१४ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नवी मार्गदर्शिका काढून तिला मनाई केली. आणि तरीही २०२२ च्या ऑक्टोबरात न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, अशी तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, अभ्यासक्रमातून ती काढून टाका आणि डॉक्टरांच्या कार्यशाळा घ्या. नऊ वर्षे! निकाल दिल्लीस लागतो. तालुक्याच्या रुग्णालयातील डॉक्टर आपल्या गुरूने जे शिकविले तेच करीत राहतो. अशा पीडितेवर ताबडतोब आणि विनामूल्य उपचार करणे हे सरकारी तसेच खाजगी रुग्णालयांचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि २०२४ च्या जुलैपासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. 'आधी पोलिसांचा कागद आणा' असे तिला सांगणारा दरवाजावरील माणूस हे कर्तव्य मोडीत असतो, आणि त्याला ते ठाऊकही नसते.

अभ्यासक्रमाच्या बाबतीत महाराष्ट्रात एक शहाणपणाचा प्रयोग झाला. आरोग्य विज्ञान विद्यापीठ, वैद्यकीय शिक्षण संचालनालय आणि 'सेहत' यांनी २०१३ च्या सुमारास लिंगभावाचा निराळा विषय न काढता, आहेत त्याच विषयांत तो गुंफण्याचे काम हाती घेतले : स्त्रीरोग, न्यायवैद्यक, मनोविकार, सामाजिक वैद्यक आणि शरीरचिकित्सा. निराळा विषय केला असता तर विद्यार्थ्यांनी तो आदल्या रात्री पाठ केला असता. हृदयविकाराच्या तासातच असे सांगितले पाहिजे की, स्त्रीच्या हृदयाला झटका येतो तेव्हा छातीत कळ येण्याऐवजी कधी कधी नुसताच दम लागतो, मळमळते, पाठ किंवा जबडा दुखतो. आणि 'पित्त झाले असेल' म्हणून तिला घरी पाठविले जाते. येथे संवेदनशीलता म्हणजे भूतदया नव्हे, अचूक निदान आहे.

सुधारणा सरळ रेषेत चालत नाही, याचेही एक उदाहरण ताजे आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. असे असता २०२४ च्या ऑगस्टअखेर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने काढलेल्या अभ्यासक्रमाच्या मार्गदर्शिकेत स्त्रियांचे समलिंगी संबंध पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत जाऊन बसले. टीका झाली, आणि सप्टेंबरात ती मार्गदर्शिका मागे घेऊन दुरुस्त करावी लागली. तृतीयपंथी व्यक्तींना २०१४ च्या निकालाने आपली ओळख आपण सांगण्याचा हक्क दिला. २०१९ च्या कायद्याने त्यांच्या आरोग्याच्या दृष्टीने डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा फेरविचार करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. परंतु ताप आलेल्या तृतीयपंथी माणसाला पुरुषांच्या खोलीत खाट द्यावी की स्त्रियांच्या, यावर रात्री दोन वाजता वाद सुरू होतो आणि ताप चढत राहतो. खरे तर उत्तर फार अवघड नाही. 'तुम्हांला कोठे बरे वाटेल?' असे त्यालाच विचारावे. पण तसे विचारता येते, हे कोणी शिकविलेले नसते.

या सगळ्यात पुरुष कोठे आहे, असे आमचे पुरुष श्रोते मनात म्हणत असतील. त्यांनी तसे म्हणावेच. मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्यात तपासण्यांची रांग लागते ती बाईच्या मागे. पुरुषाची तपासणी सोपी, स्वस्त आणि विनावेदना असूनही ती शेवटी, पुष्कळदा होतच नाही. कारण 'दोष' त्याच्यात असू शकतो हे उच्चारण्याचे धैर्य घरच्यांना नसते, आणि डॉक्टरलाही संकोच वाटतो. कुटुंबनियोजनाचे पाहा. र. धों. कर्व्यांनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्याला शंभर वर्षे उलटली. पाचव्या राष्ट्रीय पाहणीत स्त्रीची नसबंदी झालेली जोडपी जवळजवळ ३८ टक्के, आणि पुरुषाची नसबंदी झालेली ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि अधिक निर्धोक आहे हे प्रत्येक डॉक्टराला ठाऊक आहे. समुपदेशनाच्या खोलीत बोलावले जाते ते मात्र बाईला. खिन्न झालेला पुरुष डोके दुखते म्हणून येतो, किंवा येतच नाही, गुत्त्यावर जातो. त्यालाही कोणी विचारावयास हवे.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो खराखुरा आहे. 'सकाळच्या चार तासांत दोनशे रोगी. विचारपूस करावयाची केव्हा?' या आक्षेपाची थट्टा करणाऱ्याने एक दिवस बाह्यरुग्ण विभागात बसून पाहावे. प्रत्येकाला प्रत्येक प्रश्न विचारावा असे कोणीच म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचेही म्हणणे असे की, सरसकट सर्व स्त्रियांना हिंसेबद्दल विचारीत सुटू नये. जेथे जखम, वारंवार येणारी अस्पष्ट दुखणी, विषप्राशन किंवा तुटत चाललेले मन अशी खूण दिसते, तेथे विचारावे. कोणाच्या बाबतीत थांबावयाचे हे ओळखणे, हेच तर शिक्षण. शिवाय जी बाई वर्षातून सात वेळा कंबरदुखीसाठी येते, तिच्या सात भेटींतली मिनिटे एकत्र केली तर एक पुरी विचारपूस होऊन वर वेळ उरेल. मात्र प्रशासनानेही आपला वाटा उचलला पाहिजे. डॉक्टरला शिकविले आणि तपासणीच्या टेबलाभोवती पडदा दिला नाही, तर त्या शिक्षणाचे तो करणार काय? महाराष्ट्रातील तीन मोठ्या शासकीय रुग्णालयांत संघटनेच्या पद्धतीने प्रशिक्षण देऊन पाहिले गेले, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या ज्ञानात आणि वागण्यात फरक पडला. पण तेथेही प्रशिक्षणाबरोबर विचारण्यासाठी जागा, नोंदीची वही आणि वरिष्ठांचा पाठिंबा यांची सोय करावी लागली.

आपल्या सीमाभागात या कामाला भाषेची एक निराळीच बाजू आहे. बेळगावच्या रुग्णालयात मराठी डॉक्टरपुढे कानडी बोलणारी बाई बसते, कानडी परिचारिकेपुढे मराठी. गोव्यात कोकणी, मराठी आणि कामासाठी आलेल्या मजुरांची हिंदी एकाच रांगेत उभ्या असतात. आणि निव्वळ मराठीतसुद्धा बाईची भाषा पुस्तकाची नसते. ती 'श्वेतप्रदर' म्हणत नाही. 'धुपणी' म्हणते, 'अंगावरून जाते' म्हणते, किंवा नुसतेच 'कंबर धरते' म्हणून गप्प बसते. गर्भाशय खाली उतरले असेल तर 'अंग बाहेर येते' एवढेच शब्द तिच्यापाशी असतात, आणि तेही दाराकडे पाहून उच्चारलेले. 'जीव घाबरा होतो' यात हृदयविकारापासून मनाच्या खिन्नतेपर्यंत काहीही असू शकते. शहरात वाढलेल्या, इंग्रजीत शिकलेल्या तरुण डॉक्टरांना हे शब्द येत नाहीत, यात त्यांचा दोष नाही. प्रत्येक रुग्णालयाने आपापल्या भागातील अशा शब्दांची एक लहानशी वही करावी आणि प्रशिक्षणाचा पहिला तास तिच्यावर घ्यावा. ती लिहून काढण्यास विद्वानांची समिती नको. वॉर्डातील मावशींना दुपारी चहाच्या वेळी बसवून विचारले, तर संध्याकाळपर्यंत वही भरेल.